कोब्रा संपत आला, आता विमा कुठून घ्यायचा?

अमेरिकेत आरोग्य विमा बहुतेकांच्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की विमा जातो, आणि त्या धक्क्यात मिळणारा पहिला आधार म्हणजे कोब्रा. जुन्या कंपनीचाच विमा काही महिने स्वतःच्या खिशातून चालू ठेवण्याचा हा कायदेशीर हक्क. तेच डॉक्टर, तेच कार्ड, तेच नेटवर्क, म्हणजे विम्यात बसणारी तीच डॉक्टर-हॉस्पिटलांची यादी. हप्ता डोळे पांढरे करणारा असला तरी चालू उपचार तुटत नाहीत, म्हणून लोक तो घेतात आणि जरा निश्चिंत होतात. मग अठरा महिने भुर्रकन निघून जातात आणि शेवटच्या आठवड्यात मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न येतो: "आमचा कोब्रा या महिन्यात संपतोय, ह्यांना डायबेटिस आहे, आता कोण विमा देईल का?"

विमा नक्की मिळेल. डायबेटिस असो, बायपास झालेली असो, कॅन्सरवर उपचार चालू असोत, 2014 पासून कोणतीही विमा कंपनी या कारणांवरून वैयक्तिक विमा नाकारू शकत नाही, आणि आजारी आहात म्हणून जादा पैसेही मागू शकत नाही. पूर्वी बहुतेक राज्यांत कंपन्या सरळ नकार देत. 1996 च्या हिपा कायद्यामुळे कोब्रा पूर्ण भोगलेल्यांना काही तरी विमा द्यावा लागे, पण त्याच्या किमतीला अनेक ठिकाणी लगाम नव्हता. ती भीती लोकांच्या मनात अजून बसलेली आहे. आज माणसं अडकतात ती तब्येतीमुळे नाही, तारखांमुळे. म्हणून या लेखात बराचसा भाग तारखांचाच आहे. तो कंटाळवाणा वाटला तरी वाचा.

आधी कोब्रा कधी संपतो ते पक्कं करा

कोब्राचा कायदा 1985 चा. साधारण वीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना तो लागू होतो. नोकरी गेली किंवा कामाचे तास कमी झाल्यामुळे विमा गेला, तर मुदत अठरा महिन्यांची. घटस्फोट झाला, नोकरी करणाऱ्या जोडीदाराचं निधन झालं किंवा मूल सव्वीस वर्षांचं होऊन आईवडिलांच्या विम्यातून बाहेर पडलं, तर त्या जोडीदाराला किंवा मुलाला छत्तीस महिने. घटस्फोटाची आणि मुलाच्या वयाची खबर साठ दिवसांत तुम्हीच प्लॅनला द्यायची असते. ती दिली नाही तर हक्कच जातो. नोकरी जाताना किंवा कोब्राच्या पहिल्या साठ दिवसांत अपंगत्व आलेलं असेल आणि सोशल सिक्युरिटीने ते मान्य केलं असेल, तर अठराचे एकोणतीस महिने होऊ शकतात. त्या वाढीव अकरा महिन्यांत हप्ता मूळ किमतीच्या 150 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

एरवी हप्ता 102 टक्के असतो. म्हणजे तुमचा वाटा, कंपनी भरत होती तो वाटा आणि वर दोन टक्के कारभाराचा खर्च. केएफएफ या संस्थेच्या 2025 च्या पाहणीत कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याची सरासरी किंमत वर्षाला 27,000 डॉलरच्या आसपास होती. त्यावरून कोब्राचा महिन्याचा आकडा 2,300 च्या घरात का येतो ते कळतं. विमा महागलेला नसतो. कंपनी भरत होती तो वाटा आपल्याला आजवर दिसतच नव्हता.

काही राज्यं अठरा महिन्यांच्या पुढेही मुदत देतात. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये ती एकूण छत्तीस महिन्यांपर्यंत जाऊ शकते, टेक्सासमध्ये आणखी सहा महिने मिळू शकतात. पण हे राज्याचे कायदे आहेत. कंपनीने विमा कंपनीकडून विकत घेतलेला असेल तरच ते चालतात. मोठ्या कंपन्या बहुधा दाव्यांचे पैसे स्वतःच भरतात, कार्डावर ज्या विमा कंपनीचं नाव असतं ती फक्त कारभार पाहते. अशा प्लॅनला राज्याची वाढीव मुदत मिळत नाही. "आमचा प्लॅन फुली इन्शुअर्ड आहे की सेल्फ फंडेड?" एवढा एक प्रश्न जुन्या कंपनीच्या एचआरला किंवा कोब्रा सांभाळणाऱ्या कंपनीला विचारा. उत्तर ईमेलवर घ्या.

त्याच ईमेलमध्ये विम्याचा शेवटचा दिवसही लिहून मागा. काही प्लॅन अठरा महिने नोकरी गेल्याच्या तारखेपासून मोजतात, काही जुना विमा संपल्याच्या तारखेपासून. घरी कॅलेंडरवर बोटं मोजून काढलेली तारीख चुकू शकते.

साठ दिवस आधी, साठ दिवस नंतर

वैयक्तिक विमा घेण्याची मुख्य जागा म्हणजे मार्केटप्लेस, लोकांच्या तोंडी ओबामाकेअर. टेक्सास, फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलायना अशा अनेक राज्यांत ती हेल्थकेअर डॉट गव्ह या केंद्र सरकारच्या साइटवर आहे. काही राज्यांची स्वतःची साइट आहे: कॅलिफोर्नियात कव्हर्ड कॅलिफोर्निया, न्यू जर्सीत गेट कव्हर्ड एनजे, न्यूयॉर्कमध्ये एनवाय स्टेट ऑफ हेल्थ, पेनसिल्व्हेनियात पेनी. इलिनॉयनेही 2026 च्या विम्यापासून स्वतःची सुरू केली.

इथे वर्षभर केव्हाही जाऊन विमा घेता येत नाही. खुली नोंदणी 1 नोव्हेंबरला सुरू होते. 2026 च्या विम्यासाठी ती बहुतेक ठिकाणी 15 जानेवारीपर्यंत होती. 2027 च्या विम्यापासून केंद्राच्या साइटवर ती 15 डिसेंबरलाच बंद होईल, म्हणजे नाताळच्या सुट्टीत निवांत बसून अर्ज भरू असं ठरवणाऱ्यांची पंचाईत होईल. एरवी विमा घ्यायचा तर खास कारण लागतं. कोब्राची मुदत पूर्ण होणं हे तसं मान्य कारण आहे. विमा संपण्याच्या साठ दिवस आधीपासून साठ दिवस नंतरपर्यंत तुम्हाला प्लॅन निवडता येतो.

एक उदाहरण घेऊ. डॅलसजवळ फ्रिस्कोत राहणाऱ्या एका कुटुंबात नवऱ्याची नोकरी फेब्रुवारी 2025 मध्ये गेली. कंपनीचा विमा 28 फेब्रुवारीपर्यंत चालला, 1 मार्चपासून कोब्रा. अठरा महिने 31 ऑगस्ट 2026 ला पूर्ण होतात. त्यांच्यासाठी मार्केटप्लेस 2 जुलैपासून 30 ऑक्टोबरपर्यंत खुलं. आता त्यांनी 31 ऑगस्टच्या आत प्लॅन निवडला आणि पहिला हप्ता भरला, तर नवा विमा 1 सप्टेंबरला सुरू होतो, मध्ये एक दिवसही रिकामा राहत नाही. 10 सप्टेंबरला निवडला तर विमा 1 ऑक्टोबरपासून. म्हणजे अख्खा सप्टेंबर बिनविम्याचा. त्या महिन्यात मुलाचा हात मोडला तर इमर्जन्सी रूमचं सगळं बिल खिशातून. कायद्याने दिलेले नंतरचे साठ दिवस ही सवलत खरी, पण तिची किंमत अशी मोजावी लागते. म्हणून ते दिवस नाहीतच असं धरून चाला.

कोब्राची तारीख महिन्याच्या मध्यावर येत असेल तर आदल्या महिन्यातच प्लॅन निवडा आणि नवा विमा नेमका कोणत्या तारखेला सुरू होतो ते अर्ज संपवताना पडद्यावर बघून घ्या.

आणि नुसता प्लॅन निवडून थांबू नका. पहिला हप्ता विमा कंपनीकडे पोचेपर्यंत विमा सुरू होत नाही. साइट पुरावाही मागते: जुना विमा कधी संपतो ते सांगणारं पत्र. केंद्राच्या साइटवर ते प्लॅन निवडल्यापासून तीस दिवसांत द्यावं लागतं. वर सांगितलेला ईमेल इथेच उपयोगी पडतो.

मध्येच हप्ता थांबवू नका

मंडळातल्या ओळखीच्या लोकांचे अर्ज पाहताना जो घोळ मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो हा. सोळाव्या-सतराव्या महिन्यात पैशांची ओढाताण असते. माणूस म्हणतो, नाहीतरी संपतच आलाय, दोन महिने आधी बंद करून टाकू आणि मार्केटप्लेसवर जाऊ. हप्ता थांबतो, कोब्रा बंद होतो. मग मार्केटप्लेस सांगतं की तुम्ही स्वतःहून विमा सोडलात, हे खास कारण होत नाही, नोव्हेंबरात या. आणि खरोखरच नियम तसाच आहे. कोब्राची मुदत संपली तर दार उघडतं, हप्ता न भरल्यामुळे किंवा मनाने सोडल्यामुळे कोब्रा गेला तर उघडत नाही. एप्रिलमध्ये हप्ता चुकला तर पुढच्या जानेवारीपर्यंत माणूस उघडा पडू शकतो.

मुदत संपण्याआधी कोब्रातून बाहेर पडण्याचे सुरक्षित रस्ते मोजकेच आहेत. खुल्या नोंदणीत बाहेर पडा. किंवा नोकरीचा विमा गेल्यानंतरच्या पहिल्या साठ दिवसांत, कोब्रा घेतलेला असला तरी मन बदलून मार्केटप्लेसवर जा. लग्न, बाळाचा जन्म, नव्या भागात स्थलांतर अशी इतर कारणंही दार उघडतात. जुनी कंपनी कोब्राच्या हप्त्यातला काही भाग भरत होती आणि तिने तो पूर्ण थांबवला, तर तेही मान्य कारण आहे. सेव्हरन्समध्ये, म्हणजे नोकरी जाताना कंपनी देते त्या भरपाईत, तीन-चार महिन्यांचा कोब्रा मिळालेल्यांनी हे नीट लक्षात ठेवावं, कारण ती मदत संपते त्याच दिवशी त्यांचे साठ दिवस मोजायला लागतात आणि बहुतेकांना ते माहीतच नसतं. कंपनीच बुडाली आणि तिचे सगळे विमे बंद झाले तर कोब्राही जातो. त्यात तुमचा दोष नाही, तिथेही दार उघडं.

खुल्या नोंदणीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. कोब्राचे अठरा महिने चालू असताना मध्ये एक तरी नोव्हेंबर येतोच. तेव्हाच आकडेमोड करा. कारण डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम, बहुतेक प्लॅनमध्ये जानेवारीत शून्यावर येते. फ्रिस्कोतल्या त्या कुटुंबाने ऑगस्टपर्यंत 4,000 डॉलरचं डिडक्टिबल भरून टाकलं असेल, तर 1 सप्टेंबरला नव्या प्लॅनमध्ये ते पुन्हा पहिल्या डॉलरपासून मोजलं जाईल आणि चार महिन्यांनी जानेवारीत आणखी एकदा. 1 जानेवारी 2026 लाच बदल केला असता तर जुनं काहीच वाया गेलं नसतं. ज्यांना हे आता जमणार नाही त्यांनी निदान एवढं करावं: गुडघ्याची शस्त्रक्रिया, कोलोनोस्कोपी, एमआरआय असं काही आधीच ठरलेलं असेल आणि यंदाचं डिडक्टिबल भरून झालं असेल, तर ते कोब्रा संपायच्या आत उरकून घ्यावं.

जोडीदाराच्या नोकरीचा विमा असेल तर

मार्केटप्लेसकडे धावण्याआधी घरातच बघा. जोडीदाराच्या कंपनीचा विमा मिळत असेल तर तो बहुधा स्वस्त आणि नेटवर्कने मोठा असतो. कोब्रा पूर्ण झाला की त्या विम्यात शिरायचा हक्क खुल्या नोंदणीची वाट न पाहता मिळतो. मात्र इथे मुदत साधारण तीस दिवसांचीच. साठ दिवस डोक्यात बसलेले लोक नेमके इथे चुकतात. फ्रिस्कोच्या उदाहरणात बायकोच्या एचआरकडे अर्ज 30 सप्टेंबरच्या आत जायला हवा.

पैशांचं गणित, आणि 2026 मध्ये काय बदललं

मार्केटप्लेसवरचे प्लॅन ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे असतात. ब्रॉन्झमध्ये विमा सरासरी खर्चाच्या 60 टक्के उचलतो, मग दहा-दहा टक्क्यांनी चढत प्लॅटिनममध्ये 90. कोणताही प्लॅन घेतला तरी 2026 मध्ये नेटवर्कमधल्या उपचारांसाठी खिशातून जाणारी रक्कम एका माणसामागे 10,600 आणि कुटुंबामागे 21,200 डॉलरच्या वर जाऊ शकत नाही. हप्ता त्यात धरलेला नसतो.

हप्ता ठरतो वय, राहण्याचा भाग, तंबाखू आणि प्लॅन यांवर. बहुतेक राज्यांत चौसष्ट वर्षांच्या माणसाचा हप्ता एकवीस वर्षांच्या माणसाच्या तिपटीपर्यंत असू शकतो. न्यूयॉर्कमध्ये मात्र वयाप्रमाणे फरक करता येत नाही. कोब्राचा हप्ता वयाप्रमाणे बदलत नाही. त्यामुळे तिशीतल्या जोडप्याला मार्केटप्लेस कोब्रापेक्षा स्वस्त पडू शकतं, तर साठीतल्या जोडप्याला पूर्ण किमतीत तेच कोब्रापेक्षा महाग पडू शकतं. "मित्राने सांगितलं, त्याला स्वस्त पडलं" यावर म्हणूनच जाऊ नका, मित्राचं वय वेगळं असतं आणि काउंटीही.

आता सरकारी मदत. ही मदत करसवलतीच्या रूपात थेट हप्त्यातून वजा होते. 2021 पासून 2025 अखेरपर्यंत ती वाढवलेली होती, उत्पन्न जास्त असलेल्यांनाही थोडीफार मिळत होती. ती वाढ संपली. 2026 च्या विम्यासाठी जुनी मर्यादा परत आली आहे: उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या चौपटीपेक्षा जास्त असेल तर केंद्राची मदत शून्य. ती चौपट एकट्या माणसासाठी 62,600 डॉलर आणि चौघांच्या कुटुंबासाठी 1,28,600 डॉलर. ही मर्यादा कड्यासारखी आहे. चौघांच्या कुटुंबाचं उत्पन्न 1,28,000 असेल तर प्रमाण मानलेल्या सिल्व्हर प्लॅनसाठी त्यांनी उत्पन्नाच्या 9.96 टक्के भरायचे, म्हणजे महिन्याला साधारण 1,060 डॉलर, वरचं सरकार भरतं. तेच उत्पन्न 1,29,000 झालं की अख्खा हप्ता त्यांच्यावर. एका हजारासाठी वर्षाला कित्येक हजारांचा फरक. न्यू जर्सीसारखी काही राज्यं स्वतःच्या तिजोरीतून वेगळी मदत देतात, न्यू जर्सीत ती दारिद्र्यरेषेच्या सहापटीपर्यंत आहे. तिथे राहणाऱ्यांनी केंद्राचा आकडा पाहून निराश होऊन साइट बंद करू नये.

या आकड्यात कोणतं उत्पन्न धरतात याबद्दल आपल्या लोकांचा फार गोंधळ असतो. धरतात ते अख्ख्या कॅलेंडर वर्षाचं. आज नोकरी नाही म्हणून शून्य लिहायचं नसतं. जानेवारी ते मार्च मिळालेला पगार, सेव्हरन्स, बेकारी भत्ता, जोडीदाराचा पगार, शेअर विकून झालेला नफा, सगळं त्यात येतं. भारतातलंही येतं. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, बँकेतल्या ठेवींचं व्याज हे अमेरिकेच्या कर-रहिवाशाला इथे दाखवावं लागतं. एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे नाही. उलट, पात्र असाल तर पारंपरिक आयआरए (निवृत्तीचं बचत खातं) किंवा एचएसए (उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं) यांत भरलेले पैसे हा आकडा खाली आणतात. कड्याच्या जरा वर असलेल्या कुटुंबाला तेवढ्यानेही मदत परत मिळू शकते. 2026 पासून मार्केटप्लेसवरचे ब्रॉन्झ प्लॅन एचएसएसाठी चालतात. 2026 मध्ये एचएसएत भरायची मर्यादा एकट्यासाठी 4,400 आणि कुटुंबासाठी 8,750 डॉलर. यातले पैसे कोब्राच्या हप्त्याला वापरता येतात, मार्केटप्लेसच्या हप्त्याला मात्र सहसा नाही. बेकारी भत्ता चालू असलेल्या काळात ते चालतं.

अंदाज काळजीपूर्वक लिहा. वर्ष संपल्यावर मार्केटप्लेसकडून घेतलेल्या मदतीचा 1095-ए फॉर्म येतो आणि टॅक्स रिटर्नमध्ये हिशेब जुळवावा लागतो. आधी जास्तीची मदत परत करायला बऱ्याच जणांना वरची मर्यादा होती. 2026 या करवर्षापासून ती काढून टाकली आहे, जास्त घेतलेलं सगळं परत द्यावं लागतं. ऑक्टोबरात नवी नोकरी लागली, चांगला साइनिंग बोनस मिळाला आणि साइटवर उत्पन्न बदलायचं राहिलं, तर एप्रिलमध्ये मोठं देणं समोर येतं. नोकरी लागली की त्याच आठवड्यात साइटवर जाऊन कळवा.

आणखी एक. कोब्रा चालू असलेल्या महिन्यांत त्या माणसाला ही मदत मिळत नाही. नुसता कोब्रा देऊ केला होता पण घेतला नाही, तर मिळते.

उत्पन्न फारच घसरलं असेल तर मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी विमा. चाळीस राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीत ते दारिद्र्यरेषेच्या 138 टक्क्यांपर्यंत मिळतं आणि त्याला वर्षभर केव्हाही अर्ज करता येतो. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया त्या चाळीसांत नाहीत. ग्रीन कार्डधारक प्रौढांना मेडिकेडसाठी बहुधा पाच वर्षं थांबावं लागतं, मुलांना अनेक राज्यांत ही अट नाही. आईवडील मार्केटप्लेसवर आणि मुलं राज्याच्या चिप या मुलांच्या विमा योजनेत, असंही होऊ शकतं.

व्हिसावर असलेल्यांसाठी

कोब्राचा हक्क व्हिसावर अवलंबून नाही. पण एच-1बीवर नोकरी गेली तर देशात राहायला साधारण साठ दिवसांचीच मुभा, त्यामुळे अठरा महिने कोब्रा वापरण्याची वेळ ज्यांच्यावर येते ते बहुधा ग्रीन कार्डवाले, नागरिक किंवा एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर गेलेले असतात. एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1 हे सगळे कायदेशीर वास्तव्यात मोडतात आणि मार्केटप्लेसवर विमा घेऊ शकतात. "आपल्याला ओबामाकेअर चालत नाही" हे साफ चुकीचं आहे.

मदतीचं मात्र बदलतंय. जुलै 2025 च्या कायद्याने 1 जानेवारी 2027 पासून करसवलत मुख्यतः नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांपुरती ठेवली आहे, सोबत काही मोजके गट, ज्यात एच-1बी, एच-4 नाहीत. त्यांना विमा मिळेल, पण पूर्ण किमतीत. ज्यांचा कोब्रा 2026 च्या उत्तरार्धात संपतो अशा एच-4 जोडीदारांनी पुढच्या वर्षीचा हप्ता मदत न धरता आत्ताच काढून पाहावा. वर्षानुवर्षं कर भरणाऱ्या आणि ग्रीन कार्डच्या रांगेत दशकभर अडकलेल्या कुटुंबांवर हा अन्याय आहे असं मला वाटतं, आणि ते इथे म्हणून ठेवतो.

पासष्टीच्या जवळ असाल तर कोब्रावर भिस्त ठेवू नका

सगळ्यात महागात पडणारी गफलत इथे होते, म्हणून सावकाश वाचा. पासष्टी पूर्ण झाल्यावरही नोकरीचा विमा चालू असेल तर मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा, पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) पुढे ढकलता येतो. नोकरी संपली की आठ महिन्यांत तो घ्यायचा असतो. हे आठ महिने नोकरी किंवा तिचा विमा यांतलं जे आधी संपेल तिथून मोजतात. कोब्रा हा चालू नोकरीचा विमा धरला जात नाही. सदुसष्टाव्या वर्षी निवृत्त होऊन कोब्रा घेतलेला माणूस म्हणतो, अठरा महिन्यांनी मेडिकेअर घेऊ. अठरा महिन्यांनी तो जातो तेव्हा आठ महिने कधीच उलटून गेलेले असतात. मग जानेवारी ते मार्चमधली सर्वसाधारण नोंदणी येईपर्यंत थांबा आणि उशिराच्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे पार्ट बीच्या हप्त्यावर 10 टक्के दंड भरा, तोही बहुतेकांना पार्ट बी आहे तोवर कायमचा. 2026 मध्ये पार्ट बीचा हप्ता महिन्याला 202.90 डॉलर आहे. शिवाय मेडिकेअर घ्यायला हवं होतं आणि घेतलं नाही अशा काळात कोब्राचा प्लॅन "हे मेडिकेअरने भरायचं होतं" म्हणून बिलातला मोठा वाटा नाकारू शकतो.

इथे वर्षानुवर्षं काम केलेल्यांना, म्हणजे चाळीस तिमाह्या सोशल सिक्युरिटी भरलेल्यांना, पार्ट ए (हॉस्पिटलच्या खर्चाचा भाग) फुकट मिळतो. कमी वर्षं काम केलेल्यांना तो विकत घ्यावा लागतो, आणि ग्रीन कार्डवर असाल तर त्याआधी सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. जोडीदाराच्या तिमाह्यांवरही पार्ट ए मिळू शकतो, हे विसरू नका. घरी राहून संसार केलेल्या कित्येक काकूंना हा हक्क आहे.

मेडिकेअर फक्त त्या एका माणसाला असतं. काका पासष्टचे आणि काकू एकसष्टच्या असतील, तर काकांच्या मेडिकेअरने काकूंची सोय होत नाही. कोब्रात प्रत्येकाचा हक्क स्वतंत्र असतो, त्यामुळे काका मेडिकेअरवर गेले तरी काकू आपल्या उरलेल्या मुदतीपर्यंत कोब्रावर राहू शकतात आणि मग पासष्टीपर्यंत मार्केटप्लेसवर.

प्लॅन निवडताना

हप्त्याच्या आकड्यावरून प्लॅन निवडू नका. कंपनीच्या विम्यात अनेकदा पीपीओ असतो, म्हणजे जास्त पैसे देऊन नेटवर्कबाहेरही जाता येतं. वैयक्तिक बाजारात बहुतेक प्लॅन एचएमओ किंवा ईपीओ असतात, म्हणजे नेटवर्कबाहेर गेलात तर इमर्जन्सी सोडून सगळं बिल तुमचं. आपल्या डॉक्टरांच्या ऑफिसात फोन करा आणि प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारा. "तुम्ही अमुक कंपनीचा विमा घेता का" एवढंच विचारलं तर उत्तर "हो" येतं आणि नंतर कळतं की त्या कंपनीचा दुसरा प्लॅन ते घेतात, हा नाही. रोजच्या औषधांची नावं प्लॅनच्या औषधयादीत शोधा. ओझेम्पिक, नवी इन्सुलिनं, इनहेलर यांच्या बाबतीत दोन प्लॅनमध्ये महिन्याला शेकडो डॉलरचा फरक पडू शकतो. उपचार अर्ध्यावर असतील, गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील, तर जुन्या डॉक्टरांकडे काही काळ राहता येईल का ते नव्या कंपनीला विमा सुरू होण्याआधीच विचारा. दातांचा विमा मोठ्यांसाठी बहुधा वेगळा घ्यावा लागतो.

स्वस्त दिसणाऱ्या दोन गोष्टींपासून मी लोकांना कळकळीने लांब ठेवतो. एक, काही महिन्यांचे शॉर्ट टर्म प्लॅन. ते आधीचे आजार भरत नाहीत, आणि ते संपले की मार्केटप्लेसचं दार उघडत नाही. दोन, धार्मिक गटांच्या खर्चवाटणीच्या योजना. त्या कायद्याने विमाच नाहीत, बिल भरण्याची हमी त्यांच्यावर नसते. भारतातून येणाऱ्या आईवडिलांसाठी घेतो तो व्हिजिटर विमा इथे राहणाऱ्याला चालेल का, असंही लोक विचारतात. चालत नाही.

गूगलवर शोधलं की सरकारी वाटणाऱ्या खोट्या साइट्स पहिल्या येतात. नंबर दिला की दिवसभर फोन वाजत राहतो. आपल्या राज्याच्या खऱ्या साइटवर जा आणि तिथल्या "मदत शोधा" या पानावरून नेव्हिगेटर, म्हणजे अर्ज भरायला मदत करणारा प्रशिक्षित माणूस, गाठा. तो पैसे घेत नाही. परवानाधारक ब्रोकरही चालतो, त्याचं कमिशन विमा कंपनी देते आणि तुमचा हप्ता त्यामुळे वाढत नाही. फक्त तो सगळ्या कंपन्यांचे प्लॅन दाखवतो का ते आधी विचारा.

कोब्राचा हप्ता भरत असाल तर आजच जुन्या कंपनीला ईमेल पाठवा: शेवटची तारीख कोणती, प्लॅन फुली इन्शुअर्ड आहे का, आणि तसं पत्र मिळेल का. उत्तर आलं की त्या तारखेच्या साठ दिवस आधीचा दिवस फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, जोडीदाराच्या फोनमध्येही.